सांगली-मिरजेच्या चौकांतले कॅमेरे: नुसती पावती फाडणार की गाड्याही मोजणार?

कोपऱ्यावरचं_दुकान

नमस्कार मंडळी. आमचं औषधाचं दुकान सांगली-मिरज रस्त्याकडेच्या एका चौकात, अगदी कोपऱ्यावर आहे. सतरा वर्षं झाली, गल्ल्यावर बसलं की समोर सिग्नल. गिऱ्हाईक नसलं की मी त्याचे उतरते आकडे बघत बसते. आता आकड्यांकडं न बघताही हिरवा कधी होणार ते कळतं.

दुपारी तीनला आडव्या गल्लीतून कुणीच येत नाही. तरी तिचा हिरवा पुरा वेळ चालू राहतो आणि मोठ्या रस्त्यावर एसटी, रिक्षा, स्कूटरवाले उन्हात घाम पुसत उभे. संध्याकाळी साडेपाचला क्लास सुटले की त्याच गल्लीतून पोरांचा लोंढा येतो. तेवढ्याच सेकंदांत निम्मी पोरं पार होतात, उरलेली पिवळ्यावर घुसतात. सेकंद मात्र दिवसभर तेच, वर्षभर तेच.

काही महिन्यांपूर्वी चौकात खांब उभा राहिला, त्यावर कॅमेरे बसले. बसवणारी पोरं पाणी प्यायला दुकानात आली होती. मी विचारलं, हे काय काय करतात? त्यातला एक म्हणाला, नंबर वाचतात. हेल्मेट नसलं, तिघं बसले, लाल तोडला तर फोटो जातो. मी म्हटलं, कुठल्या बाजूनं किती गाड्या आल्या ते मोजतात का? तो म्हणाला, "मोजतील की काकू, पण तसं कुणी मागितलेलं नाही."

ते वाक्य डोक्यातून जाईना. पावतीबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. डोकं फुटून आलेल्या पोरांना कापूस-पट्टी मीच दिलीय, त्यामुळं हेल्मेटच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. पण एवढा खर्च करून चौकाला डोळा दिला आणि त्याला फक्त चुका शोधायला बसवलं, हे पटत नाही. आधी त्यानं गाड्या मोजाव्यात आणि त्यावरून सिग्नलचे सेकंद ठरावेत.

असं कुठं होतं का? आपल्याकडं मागायचं झालं तर कुणाकडं, कोणत्या शब्दांत मागायचं? जाणकारांनी लिहा.

तंबोऱ्याची_तार

एकदम योग्य धागा. मिरजेतून रोज विश्रामबागला जातो. वाटेत जेवढे सिग्नल लागतात त्यातले दोन तरी सलग हिरवे मिळाले की दिवस चांगला जाणार असं आमच्या ऑफिसात मानतात.

कृष्णाकाठ_७१

काकू, हा प्रश्न मोठा आहे, जेवून आल्यावर सविस्तर लिहितो. मी रस्त्यांच्या कामात एकतीस वर्षं काढली आहेत.

सरळसोट

मला यात भाबडेपणा दिसतो. कॅमेरा कुठंही बसवा, शेवट वसुलीत. गाड्या मोजून कुणाच्या खिशात काय पडणार? म्हणूनच मागितलेलं नाही.

नियमावली

@सरळसोट, राग समजतो, पण वसुलीलाही नियम आहेत आणि ते लोकांना माहीत नाहीत. वकिली करते म्हणून थोडं लिहिते.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आलं. यंत्रांच्या मदतीनं रस्त्यावर देखरेख आणि कारवाई, हा त्याचा विषय. त्याखालचा नियम १६७अ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात स्पष्ट आहे की दंडासाठी वापरायच्या यंत्राला राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यतापत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करून घ्यायला हवं. "इथे कॅमेरा आहे" हा फलक वाहनचालकाला आधी दिसला पाहिजे. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस निघाली पाहिजे. फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दिसायला हवं, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण हवं. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ते चित्रण जपून ठेवायचं.

हा नियम कोणत्या शहरांना लागू, त्याची यादीही जोडलेली आहे. १३२ शहरं, त्यात महाराष्ट्राची १९, आणि त्या १९ मध्ये सांगली आहे. तेव्हा हे पुण्या-मुंबईचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका.

आता काकूंचा मुद्दा. हा सगळा नियम दंडासाठीच्या यंत्राचा आहे. गाड्या मोजायला यातली कुठलीच अट आड येत नाही. मोजण्यासाठी नंबर वाचायची गरजच नाही.

४१४१

माझ्या गाडीचा नंबर हाच आहे. कॉलेजात असताना प्लेटवर तो "दादा" दिसेल असा रंगवून घेतला होता. चौकातल्या हवालदार काकांनी थांबवून सगळ्यांदेखत विचारलं, "कुणाचा दादा?" घरी धाकटी बहीणच आहे म्हटल्यावर म्हणाले, मग तिच्यासाठी तरी नीट प्लेट लाव आणि हेल्मेट घाल. दोन्ही त्याच आठवड्यात केलं. आता नवी हाय सिक्युरिटी प्लेटही लावलीय.

नियमावली

@४१४१, काकांना माझा नमस्कार सांगा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती प्लेट सक्तीची झाली, त्यात कॅमेऱ्याचीही सोय आहे. अक्षरांची उंची, जाडी, अंतर ठरलेलं असलं की वाचणाऱ्या यंत्राचा गोंधळ कमी होतो.

शिवार_सांगलीवाडी

हे सगळं मोटारीचं नि स्कूटरचं झालं. आमच्याकडचं नोव्हेंबर ते मार्च बघा की. डबल ट्रॉली ट्रॅक्टर, टायरगाडी, बैलगाडी, सगळं एकाच रस्त्यावर. ट्रॉलीच्या मागं उसाचं वाढं लोंबत असतंय, त्यातनं कॅमेऱ्याला नंबर कुठनं दिसणार? प्लेट असली तर चिखलानं भरलेली. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी वाढ्याखाली झाकलेला. मी स्वतः कारखान्याला ऊस घालतोय, त्यामुळं कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही.

चार वर्षांमागं आमच्या गल्लीतलं एक पोरगं रात्री मागनं बिनदिव्याच्या ट्रॉलीला धडकून गेलं. बावीस वर्षांचं होतं. त्यानंतर मी आमच्या ट्रॅक्टरवाल्याला भरायच्या आधी विचारतो, रिफ्लेक्टर कुठं बांधलाय दाखव. वाढं आत दुमडून दोरीनं आवळायला पाच मिन्टं लागतात, जास्त नाही.

कॅमेऱ्यानं ट्रॉलीवर पावती फाडण्यापेक्षा शहराच्या तोंडाला किती ट्रॉल्या किती वाजता शिरतात ते मोजावं. कारखान्याच्या गव्हाणीपुढं, म्हंजे ऊस टाकत्यात तिथं, लवकर नंबर लागावा म्हणून सगळे एकाच वेळी पळत्यात. तो आकडा कारखान्याच्या शेती विभागासमोर ठेवला तर तोडीच्या पाळ्या मागं-पुढं करता येतील. आम्हालाही रांगेत रात्र काढायची हौस नाही.

कृष्णाकाठ_७१

शिवार, तुमचा प्रतिसाद आधी घेतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलंय.

आमच्या काळी मोजणी म्हणजे चौकाच्या प्रत्येक फाट्यावर माणूस, हातात पॅड, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. चोवीस तास, आणि नीट करायची तर सलग सात दिवस. रात्री तीनला मोजणारा पेंगतो आणि पहाटे अंदाजानं रेघा ओढतो, हे मी स्वतः पकडलंय. एका पोराच्या कागदावर पहाटे तीन ते पाच एकसारख्या रेघा होत्या, दर पंधरा मिनिटाला बरोब्बर तेवढ्याच. त्याला रागावलो नाही, थर्मासमधला चहा दिला आणि पुढच्या रात्री दोन माणसं लावली. पण तो कागद फेकावा लागला.

नुसत्या संख्येनं काम भागत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात आणतात, त्याला पीसीयू म्हणतात. ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात मोटार १, मोटरसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि मोठी बैलगाडी ८. म्हणजे उसाच्या हंगामात रस्त्यावर आलेली एक बैलगाडी सोळा मोटरसायकलींच्या बरोबरीची. जून महिन्यात मोजून ठरवलेले सेकंद जानेवारीत कसे पुरतील? आपल्या शहराला वर्षात तीन-चार वेगवेगळे चेहरे आहेत आणि सिग्नलला एकच माहीत आहे.

आता सेकंदांचं. दिवा हिरवा झाला तरी पहिली गाडी लगेच हलत नाही, दोन-तीन सेकंद जातात. प्रत्येक बदलाला ते जातातच. सगळ्या फाट्यांना एकेकदा हिरवा मिळून जातो ते एक चक्र. ते फार छोटं ठेवलं तर हे वाया गेलेले सेकंद साठत जातात. फार मोठं ठेवलं तर काकूंच्या गल्लीसारखा रिकाम्या रस्त्याला हिरवा मिळत राहतो. मधला आकडा काढायला १९५८ पासून वेबस्टरचं सूत्र वापरतात आणि त्यात घालायला लागतो तो प्रत्येक फाट्यावरचा गाड्यांचा आकडा. तो नसला तर कुणीतरी खुर्चीत बसून सेकंद टाकतो.

कॅमेऱ्यानं मोजायचं म्हणजे चित्रात स्टॉपलाइनपाशी एक चौकट आखायची. वाहन चौकटीत आलं की नोंद. पूर्वी यासाठी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरत. आपल्याकडं आज पाण्याच्या लाइनीला, उद्या केबलला रस्ता उकरतात, वेटोळं तुटतं. कॅमेऱ्याला ती भीती नाही. त्याचं ऐकणारा सिग्नल असला तर गल्लीत कुणी नाही हे बघून तो हिरवा लवकर आटोपतो आणि वेळ मोठ्या रस्त्याला देतो. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं आपल्या मिश्र वाहतुकीसाठी कॉसिकॉस्ट नावाची पद्धत तयार केलीय, त्यात शेजारशेजारचे चौकही एकमेकांशी बोलतात. तंबोऱ्याची तार यांचे दोन सलग हिरवे त्यातून येतील.

अडचणीही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. एसटीच्या आड उभ्या असलेल्या मोटरसायकली दिसत नाहीत. संध्याकाळच्या लांब सावल्या वाहन म्हणून मोजल्या जातात. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर हेडलाइटचा पट्टा पडतो, त्यालाही यंत्र फसतं. आणि आपण लेन पाळत नाही, त्यामुळं लेनवर बेतलेली परदेशी मांडणी इथं जशीच्या तशी चालत नाही. कॅमेरा उंच आणि थोडा खाली झुकवून बसवला तर बरंच सुधारतं. नंबर वाचणारा कॅमेरा मात्र अरुंद, जवळचा तुकडा बघतो. म्हणजे काकूंच्या चौकातले चारही कॅमेरे मोजायला चालतीलच असं नाही, एखादा रुंद नजरेचा लागेल. बसवणाऱ्या मुलानं "मोजतील की" म्हटलं ते अर्धं बरोबर.

कोपऱ्यावरचं_दुकान

सर, दोनदा वाचलं. "खुर्चीत बसून सेकंद टाकतो" हे वाचून गप्प झाले. मी सतरा वर्षं ज्याला नियम समजत होते तो कुणाचातरी अंदाज असू शकतो.

भडंगप्रेमी

सर, बैलगाडीचा आठचा आकडा आमच्या आजोबांना सांगितला. ते म्हणाले, बैल थांबवला की परत जू हलायला वेळ लागतो, आठ कमीच आहे. थोडं अवांतर: रात्री मोजणीला बसणाऱ्यांसाठी भडंग माझ्याकडून, जास्त लसूण घातलेलं.

केबल_कुपवाड

मी कॅमेरे देखभालीचं काम करतो, या शहरात नाही, पण काम सगळीकडं सारखंच. कॅमेरा बसवायची बातमी येते, पुसायची येत नाही, म्हणून लिहितोय.

रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्याला डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे असतात. त्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि आठ दिवसांत काचेसमोर जाळं. दिवसा चित्र चांगलं दिसतं. रात्री त्याच उजेडात जाळ्याची एकेक तार पांढरी फटक उजळते आणि मागचा चौक दिसेनासा होतो. लांब काठीला मऊ ब्रश बांधून आम्ही ते काढतो. दहा मिनिटांचं काम, पण माणूस, शिडी आणि गाडी लागते, आणि करारात दर किती दिवसांनी पुसायचं ते लिहिलेलं नसलं की कुणी जात नाही.

दुसरं, फायबर. गटारीच्या कामात जेसीबीनं तोडलं की अख्ख्या रस्त्याचे कॅमेरे आंधळे. तिसरं, खांबावरच्या पेटीतली बॅटरी. दोन-तीन वर्षांत मरते, मग लाइट गेली की कॅमेराही गेला. चौथं लिहायला अवघड वाटतं, पण फ्लेक्स. वाढदिवसाचा फ्लेक्स बरोबर कॅमेऱ्यापुढं लागतो.

निविदेत कॅमेऱ्यांची संख्या लिहितात. त्याऐवजी "महिन्यात इतके तास चित्र चालू नसेल तर इतके पैसे कापणार" असं कलम हवं. ते जिथं होतं तिथं आमचा मालक आम्हाला पहाटे पाचला उठवायचा.

तंबोऱ्याची_तार

फ्लेक्सवरून आठवलं. आमच्या मिरजेत गणपती विसर्जनाला स्वागत कमानी उभ्या राहतात, आमची जुनी परंपरा आहे, अभिमान आहे. पण कमान कुठं उभी करायची हे ठरवताना कॅमेऱ्याची जागा बघितली तर मंडळांनाही अडचण नाही. आमच्या मंडळाची कमान चार फूट सरकवायला मी सांगेन, लोक ऐकतील.

सरळसोट

केबलभाऊंनी माझंच म्हणणं मांडलं. देखभालीला पैसा नाही आणि पावतीला यंत्र तयार. माझ्या स्कूटरचं चलन एका लांबच्या शहरातून आलं, जिथं मी आयुष्यात गेलो नाही. फोटोतली गाडी लाल, माझी राखाडी. कुणीतरी माझा नंबर लावून फिरत होता. ते रद्द व्हायला माझ्या किती खेपा झाल्या ते मीच जाणतो. त्या दिवसापासून कॅमेरा हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

नियमावली

@सरळसोट, हे वाईट झालं, तुमचा राग योग्यच आहे. असं झालं तर पैसे भरू नका. भरले की गुन्हा मान्य केला असं होतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार करायची सोय आहे. आरसी, आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो, आणि त्या वेळी आपण कुठं होतो त्याचा काही पुरावा जोडा. आणि आपला नंबर दुसऱ्याच्या गाडीवर फिरतोय हे लक्षात आलं की पोलीस ठाण्यातही लेखी कळवून पोच घ्या. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर तो कागद तुमची ढाल आहे.

पूररेषा

मी मारुती चौकाच्या बाजूची. कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग इथं कुणी काढला नाही, आश्चर्य वाटलं.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. त्यावरच्या खुणेनं अख्खी सांगली झोपते नि उठते. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्या दिवसांत आम्हाला सगळ्यात जास्त काय हवं होतं? कुठला रस्ता अजून चालू आहे ते. फोनवर कुणी म्हणायचं शंभर फुटी रस्त्यावरून जा, कुणी म्हणायचं तिकडं कंबरभर आहे. आम्ही सासूबाईंना घेऊन दोनदा निघालो आणि दोनदा परत फिरलो. तिसऱ्या वेळी बोटच आली.

तेव्हा चौकांचं चित्र लोकांना थेट बघता आलं असतं तर आम्ही पहिल्याच वेळी योग्य रस्त्यानं बाहेर पडलो असतो. रस्त्यावर पाणी किती ते दाखवायला खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्या आणि त्या कॅमेऱ्यात येतील अशा ठेवल्या तरी पुरे. कुणाचा नंबर, कुणाचा चेहरा नको.

केबल_कुपवाड

ताई, तुमच्या म्हणण्याला जोडून. कॅमेरा वीस फुटांवर असतो, पण त्याची पेटी बहुतेक ठिकाणी खांबाच्या पायथ्याशी असते, बसवायला सोपी म्हणून. पूर आला की वर डोळा शाबूत आणि खाली पेटी पाण्यात. २०१९ च्या पाण्याची खूण भिंतींवर अजून आहे, त्या खुणेच्या वर पेटी बसवा एवढं जरी अर्जात घातलं तरी पुढच्या पुरात उपयोग होईल.

शिवार_सांगलीवाडी

हे मात्र लई मोलाचं सांगितलं. आमच्या ट्रान्सफॉर्मरचं असंच केलंय, वर चढवलाय.

गलाई_त्रिशूर

नमस्कार, मी मूळचा विट्याकडचा. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळात आले, आम्ही इथंच वाढलो, पण दिवाळीला गावी येतोच.

इथं राज्यभर ७२६ कॅमेरे बसवले आणि ५ जून २०२३ पासून दंड सुरू झाला. पहिल्या आठवड्यातच मागं बसणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसायला लागलं. आमच्या गल्लीतल्या आजीसुद्धा नातवाच्या मागं हेल्मेट घालून देवळात जायला लागल्या. तेव्हा वाद झाला तो मुलांवरून. नवरा-बायको आणि मधे लहान मूल, ही तिसरी सीट धरायची का? सरकारनं तेव्हा बारा वर्षांखालच्या मुलासाठी दंड नको असं ठरवलं. गरीब माणसाकडं मोटार नाही, मूल कुठं ठेवणार, हा प्रश्न खरा होता. आमच्या घरी तरी तेव्हा एकच स्कूटर होती.

एक गोष्ट काकूंसाठी. माझ्या दुकानापुढचा सिग्नल कॅमेऱ्याआधी जसा होता तसाच आज आहे. हेल्मेट घातलेली माणसं तितकाच वेळ उभी असतात. तेव्हा मोजणी मागा, ती आपोआप येत नाही.

सज्जनगड_पायरी

साताऱ्याहून हजेरी. आमच्या पोवई नाक्यावर २०२१ पासून ग्रेड सेपरेटर आहे, गाड्या जमिनीखालून जातात. तरी कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटाकडं जी रांग लागते ती बघवत नाही. घाटाच्या पायथ्याशी मोजणी झाली आणि "वर जागा संपली" हे आधीच कळलं, तर बाहेरगावचा माणूस घाटात अडकण्यापेक्षा शहरात थांबून कंदी पेढे खाईल. सांगलीकरांनी आधी करून दाखवा, आम्ही मागून येतो.

गॅलरीतली_कुंडी

सगळे उत्साहात आहेत म्हणून भीत भीत लिहिते. आमच्या समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं तोंड आमच्या गॅलरीकडं आहे की रस्त्याकडं, हे खालून कळत नाही. मी तिथं कपडे वाळत घालते, मुलगी अभ्यासाला बसते. गेले चार महिने आम्ही पडदा ओढून ठेवलाय. मुलीनं विचारलं, आई, आपण काय केलंय? मला उत्तर देता आलं नाही.

नियमावली

ताई, भीत का लिहिता? हा हक्काचा विषय आहे. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. २०२३ ला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कॅमेऱ्याच्या चित्रात खासगी भाग येत असेल तर तेवढा तुकडा कायमचा काळा करता येतो. केबलभाऊ, बरोबर ना?

केबल_कुपवाड

बरोबर. त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतात, बहुतेक कॅमेऱ्यांत असतो. कुंडीताई, लेखी मागा. गॅलरीत उभं राहून कॅमेऱ्याचा फोटो काढा, म्हणजे कोन कळतो. आणि मोजणीसाठी तर चित्र साठवायचीही गरज नाही. कॅमेऱ्यानं जागच्या जागी मोजून फक्त आकडा पाठवला तरी चालतं.

ड्यूटी_संपली

माझे वडील वाहतूक शाखेत होते. तीस वर्षं चौकात उभे. घरी आले की आधी नाक शिंकरायचे, रुमाल काळा व्हायचा. उजवा खांदा शेवटची दहा वर्षं वर जात नव्हता, हात दाखवून दाखवून.

ते म्हणायचे, सिग्नल बंद पडलेला असला की मी बरा चालवतो, कारण मी गाड्या बघून सोडतो, दिवा मात्र न बघता सोडतो. चारी बाजूंना मान फिरवून कुठं किती साठलंय ते बघायचं आणि त्याप्रमाणे हात करायचा. धागा वाचताना हेच आठवत राहिलं. कृष्णाकाठ सर जे सांगतायत ते म्हणजे दिव्याला माझ्या वडिलांसारखं बघायला शिकवायचं. आता धूळ खात उभं राहणाऱ्या माणसाची सुटका झाली तर मला कॅमेरा हवाच आहे. आणि सरळसोट दादा, दंडाचा आकडा पूर्ण करायचं दडपण वडिलांवरही होतं, ते त्यांना आवडत नव्हतं, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

सरळसोट

@ड्यूटी_संपली, हे वाचून थांबलो. "दिवा मात्र न बघता सोडतो" हे मला पटलं. माझा विरोध मोजणीला नाही, तसं काकूंच्या अर्जात स्वच्छ लिहिलेलं असेल तर माझी सही घ्या.

रात्रपाळी_मिरज

मिरजेतल्या रुग्णालयात नर्स आहे. कर्नाटकातून, जतहून, आटपाडीहून रुग्ण येतात. अँब्युलन्स चौकात अडकते तेव्हा आत काय चाललंय हे बाहेरच्याला दिसत नाही. एका रात्री मी ऑक्सिजनच्या काट्याकडं बघत होते आणि ड्रायव्हर काचेतून लाल दिव्याकडं. पुढं ट्रक, त्याला जागाच नव्हती. कॅमेऱ्यानं अँब्युलन्स ओळखून पुढचा दिवा हिरवा करता येतो का?

कृष्णाकाठ_७१

येतो. अँब्युलन्समध्ये जीपीएस असेल तर त्यावरून आणखी खात्रीनं येतो, कारण कॅमेऱ्याला ती चौकाजवळ आल्यावरच दिसते आणि तोवर पुढं गाड्या साठलेल्या असतात. दोन चौक आधीपासून रस्ता रिकामा करत आणावा लागतो. अर्जात हा मुद्दा स्वतंत्र घाला.

कोपऱ्यावरचं_दुकान

सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद केल्यावर वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. केबलभाऊ, आमच्या चौकातल्या एका कॅमेऱ्यापुढं जाळं आहे, रस्त्यावरच्या दिव्यात चमकत होतं. आज सकाळी फोटो काढून ठेवलाय.

अर्ज असा लिहिलाय, चुका काढा. प्रत्येक चौकात प्रत्येक बाजूची वाहनं प्रकारानुसार मोजावीत. उसाचा हंगाम, गणपती आणि पावसाळा वेगवेगळे धरावेत. त्यावरून सेकंद ठरवून ते चौकात आणि संकेतस्थळावर लावावेत. मोजणीत नंबर आणि चेहरे साठवू नयेत, घरांकडचा भाग झाकावा. पेट्या २०१९ च्या पूररेषेच्या वर घ्याव्यात आणि पुरात चौकांचं चित्र लोकांना दिसावं. अँब्युलन्सला वाट मिळावी. कॅमेरे दर पंधरा दिवसांनी पुसावेत आणि बंद तासांचे पैसे ठेकेदाराकडून कापावेत. एक प्रत आयुक्तांना, एक वाहतूक शाखेला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन समितीसाठी.

नियमावली

उत्तम. शहराच्या तोंडावरच्या ट्रॉल्यांची मोजणी राहिली, शिवार यांचा मुद्दा. तिन्ही प्रतींवर पोच घ्या, आणि चौथी प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या. चौकाला मिळणारा मोठा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे यावरून फाईल फिरते, ती फिरायला जागाच ठेवू नका.

कृष्णाकाठ_७१

काकू, अर्जाला एक जोड हवी. तुमच्या चौकाची हातानं केलेली मोजणी. पूर्ण सात दिवस नको, एका कामाच्या दिवशी दुपारी तीन ते चार आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा. दोन कागद शेजारी ठेवले की साहेबांना समजावायला बोलावं लागणार नाही. चार फाटे, चार माणसं, दर पंधरा मिनिटांना नवा रकाना. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस-ट्रक, ट्रॅक्टर, सायकल. मी येतो, गुडघा दुखतो म्हणून मला सावलीतला फाटा द्या.

ड्यूटी_संपली

मोठ्या रस्त्याचा मिरजेकडचा फाटा माझा.

भडंगप्रेमी

सांगलीकडचा मी. भडंगासकट.

सरळसोट

क्लासच्या गल्लीत मी उभा राहतो.

कोपऱ्यावरचं_दुकान

येत्या मंगळवारी पावणेतीनला दुकानात या. सर, आमच्या पायरीवर दुपारी सावली असते, तिथून समोरचा फाटा पूर्ण दिसतो, खुर्ची टाकून ठेवते. पॅड आणू नका, औषध कंपन्यांची ढीगभर पडलीत. पेनं मात्र दोन-दोन आणा.